मांजरीचे लाड करा, पण डोळे सांभाळा

पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली की वर्गात दोन-चार मुले डोळे चोळत बसलेली दिसतात. ही साथ बहुतेक वेळा विषाणूंची असते आणि आठ-दहा दिवसांत ओसरते. पण एकच डोळा लाल, त्याच बाजूला कानासमोर गाठ आणि अंगात कणकण असेल, तर आम्ही पालकांना विचारतो, घरात मांजराचे पिल्लू आहे का?

प्राण्यांपासून होणाऱ्या अशा डोळ्याच्या आजाराचे वर्णन फ्रान्सचे नेत्रतज्ज्ञ पारिनो यांनी १८८९ साली केले. त्याचे मुख्य कारण बार्टोनेला नावाचा जिवाणू. पिसवा तो एका मांजरातून दुसऱ्यात नेतात. पिसवांची घाण मांजराच्या नखांत आणि केसांत राहते. पिल्लाने ओरखडले किंवा त्याला कुरवाळलेला हात डोळ्याला लागला की जंतू आत शिरतो. मांजर मात्र धडधाकट दिसते! बहुतेक रुग्ण बरे होतात; पण क्वचित डोळ्याच्या पडद्याला सूज येऊन नजर अधू होते.

आपल्या धाराशिवची ओळख म्हणजे काळी उस्मानाबादी शेळी. तिच्यापासून ब्रुसेला या जिवाणूचा धोका असतो. कच्चे दूध पिण्यातून किंवा शेळी विताना वार उघड्या हाताने काढण्यातून तो माणसात येतो. ताप लांबतो, सांधे दुखतात आणि काही जणांच्या डोळ्याच्या आतल्या भागाला सूज येते. म्हणून दूध उकळूनच प्या. डोळे आले की शेळीचे दूध डोळ्यात घालायचा जुना इलाज तर अजिबात नको.

काही जण म्हणतात, "सर, मांजर तर पाक आहे." खरेच आहे. पण पाक असणे वेगळे आणि अंगावर जंतू नसणे वेगळे. जनावराला हात लावला की साबणाने हात धुवावेत. घरात कुणाचे डोळे आले असतील तर टॉवेल आणि सुरम्याची सळई प्रत्येकाची वेगळी ठेवावी. पिसवांचे औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच वापरावे. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मेडिकलवरून मनानेच थेंब आणणे. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली कमी दिसते, पण आत जंतुसंसर्ग बळावू शकतो. दुखणे वाढले, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि त्यांनी विचारण्याची वाट न बघता सांगा, "डॉक्टरसाहेब, आमच्या घरी मांजर आहे, शेळ्या आहेत." एवढ्या एका वाक्याने आजार लवकर ओळखता येतो आणि लेकराची नजर वाचू शकते.