जुनी जीप : आधी थांबली पाहिजे, मग चढली पाहिजे

चिपळूणहून कराडकडे जाणारा रस्ता कुंभार्ली घाट चढण्याआधी ज्या पट्ट्यातून जातो, त्या पट्ट्यात अलोरे हे गाव आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाची वसाहत म्हणून ते महाराष्ट्राला परिचित आहे. धरणे, बोगदे आणि वीजगृहे उभी राहिली त्या दशकांत पाटबंधारे, बांधकाम, वन, पोलीस अशा सरकारी खात्यांचे हक्काचे वाहन म्हणजे जीप. डांबर संपल्यावरही पुढे जाऊ शकणारी दुसरी गाडी त्या काळी सहजी मिळत नसे. त्याच पिढीच्या जीप आणि त्यानंतर आलेल्या जिप्सी आज शहरातल्या हौशी मंडळींच्या दारात दिसू लागल्या आहेत. पुण्या-मुंबईत नोकरी, कोकणात वडिलोपार्जित घर आणि घरापर्यंतचा शेवटचा एक किलोमीटर लाल मातीचा, अशी परिस्थिती असलेल्या कुटुंबाला जुनी ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

या मोहात गैर काही नाही. मात्र अशी गाडी घेतल्यावर नव्या मालकाचे लक्ष प्रथम रुंद टायर, जादा दिवे आणि विंच यांच्याकडे जाते, आणि ब्रेक, स्टिअरिंग व सांगाडा मागे राहतात. कुंभार्लीसारख्या घाटाच्या उतारावर हा क्रम जिवावर बेतू शकतो. जुन्या गाडीचे पहिले वर्ष तिला ओळखण्यात आणि सुरक्षित करण्यात घालवावे, साहस त्यानंतर करावे, हा या क्षेत्रातला साधा नियम आहे.

कोणती गाडी, कोणत्या काळातली?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी बनलेल्या विलीज जीपची भारतातील जुळणी महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत सुरू केली. अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात निघालेले ‘सीजे-३बी’ हे मॉडेल भारतात त्यानंतरही अनेक वर्षे वेगवेगळ्या नावांनी तयार होत राहिले. ऐंशीच्या दशकात प्यूजोचे डिझेल इंजिन असलेली ‘एमएम ५४०’ आली. मारुतीने १९८५ च्या डिसेंबरात जिप्सी आणली. १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचे इंजिन मिळाले आणि २०१८-१९ च्या सुमारास तिची नागरी विक्री थांबली. महिंद्राची पहिली ‘थार’ २०१० ते २०२० या दशकातील आहे.

ही वंशावळ जाणून घेण्याचा व्यावहारिक उपयोग आहे. एकच रचना दीर्घकाळ चालू राहिल्यामुळे या गाड्यांचे बहुतेक सुटे भाग आजही मिळतात आणि जुन्या फिटरांना त्यांची नाडी माहीत असते. दुसरीकडे, भाग एकमेकांना बसत असल्याने एका गाडीत तीन गाड्यांचे अवयव असणे ही सर्रास आढळणारी बाब आहे. इंजिन एका मॉडेलचे, गिअरबॉक्स दुसऱ्याची आणि पुढचा अॅक्सल तिसऱ्याचा, असा संसार जुळवलेला असेल, तर कोणता भाग कोठला आहे याची नोंद मालकाने पहिल्या महिन्यातच एका वहीत करून ठेवावी. पुढे सुटे भाग मागवताना ही वही उपयोगी पडते.

कागदपत्रे आधी, रंगरंगोटी नंतर

खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. महाराष्ट्रात त्याबरोबर पर्यावरण करही भरावा लागतो. एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले आणि वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढवण्यात आले. गाडीच्या किमतीत हा खर्च धरलेला असावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंदणी पुस्तक आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ. सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक स्वतः डोळ्यांनी पाहावा. मूळ पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलेले असेल, किंवा केवळ मागच्या चाकांना गती देणाऱ्या गाडीला नंतर पुढचा अॅक्सल जोडलेला असेल, तर ती गोष्ट परिवहन कार्यालयाच्या नोंदीत आहे का, हे तपासणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई करते. नोंद नसलेला बदल अपघातानंतर विमा कंपनीसमोर मालकाची बाजू लंगडी करू शकतो. परराज्यातून आलेल्या गाडीसाठी तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीच्या बाबतीत लिलावाचे मूळ कागद आणि त्यानंतरची नागरी नोंदणी, दोन्ही पाहावीत. ‘कागद नंतर करून देतो’ या आश्वासनावर पैसे मोजू नयेत.

गंज दिसत नाही, शोधावा लागतो

कोकणातील पाऊस, लाल चिखल आणि किनाऱ्यालगतची खारी हवा हे लोखंडाचे तीन शत्रू आहेत. वरचा पत्रा सडला तर तो बदलता येतो. सांगाडा सडला, तर गाडीचा कणाच गेला. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेऊन सांगाड्याच्या आतल्या बाजू, पाट्यांच्या शॅकलजवळचे कोपरे आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे पाहावेत. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून, हातोडीने हलके ठोकून पाहावे. धड पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. खालून नुकताच डांबरासारखा जाड काळा थर मारलेला असेल, तर तो गंज रोखण्यासाठी आहे की झाकण्यासाठी, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

चिपळूण परिसरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात शहर पाण्याखाली गेले होते आणि त्यात असंख्य वाहने बुडाली. त्याआधी २००५ च्या जुलैमध्येही कोकणाने असाच पूर अनुभवला होता. पुरात राहिलेली गाडी दुरुस्त होऊ शकते, पण घेणाऱ्याला ते माहीत असले पाहिजे. डॅशबोर्डच्या मागे साचलेला बारीक गाळ, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारी मळकट रेघ आणि वायरींच्या जोडांवरील हिरवट थर या खुणा सहसा पुसल्या जात नाहीत.

उतारावरची परीक्षा

जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि अनेक गाड्यांत पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसतो. सुरुवातीच्या जीपमध्ये संपूर्ण ब्रेक यंत्रणेला तेलाचा एकच मार्ग आहे. एखाद्या चाकाजवळची नळी फुटली, तर चारही ब्रेक एकदम जाऊ शकतात. म्हणूनच गाडी घरी आल्यावर पहिला खर्च ब्रेकवर करावा. मास्टर सिलिंडर, चाकांतील सिलिंडर, रबरी नळ्या आणि लायनर एकदाच नीट तपासून, शंका येईल तो भाग बदलून घ्यावा. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा साठलेले तेल लांब उतारावर तापून उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल दाबले तरी ते खाली निघून जाते. जुने तेल पूर्ण काढून नवे भरणे हा अल्प खर्चाचा पण जीव वाचवणारा उपाय आहे.

घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून वेगावर इंजिनाचे बंधन ठेवावे आणि ब्रेक अधूनमधून ठामपणे वापरावा. पाय सतत पेडलवर ठेवल्यास ड्रम तापतात आणि ब्रेक हळूहळू निकामी होतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरणे तर आत्मघातकीच ठरते.

ब्रेकनंतर क्रम स्टिअरिंगचा. ठरावीक वेगाला चाके जोरात थरथरू लागली आणि हातातले चक्र आवरेनासे झाले, तर किंगपिनची बेअरिंग, टाय रॉडचे सांधे, पाट्यांचे बुश आणि चाकांचा समतोल यांपैकी काहीतरी झिजलेले असते. केवळ डॅम्पर बसवून ती थरथर दाबू नये, मूळ झीज शोधावी. टायरच्या बाजूवर छापलेले चार आकडे त्याचा जन्म सांगतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी जुने, चिरा पडलेले टायर घाटात वापरू नयेत.

या गाड्यांची उंची जास्त आणि दोन अॅक्सलमधील अंतर कमी असते. सीजे-३बी मध्ये ते जेमतेम दोन मीटर आहे. त्यामुळे मोटारीच्या सवयीने वळण घेतल्यास गाडी कलंडण्याचा धोका असतो. सीटबेल्ट नसतील, तर ते भक्कम जागी बसवून घ्यावेत आणि आडव्या बाकांवर मुलांना बसवून घाट चढू नये.

चारही चाके केव्हा?

या पिढीतील गाड्यांचे ‘फोर-व्हील’ हे गरजेपुरते वापरण्याचे आहे. वळण घेताना चारही चाके चार निरनिराळ्या अंतरांवरून जातात. डाव्या-उजव्या चाकांतील फरक अॅक्सलमधील डिफरन्शियल सांभाळते. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधील फरक सांभाळणारी सोय मात्र यांत नसते. मातीत किंवा चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, ताण शाफ्ट व गिअरवर येतो, दांडा अडकून बसतो आणि शेवटी काहीतरी तुटते. कोरड्या पक्क्या रस्त्यावर चारही चाकांची गती कधीही जोडू नये. घाटरस्त्यालाही हाच नियम लागू आहे.

‘लो’ श्रेणीत इंजिनाची ताकद गाडीनुसार साधारण सव्वादोन ते अडीच पटीने वाढून चाकांपर्यंत पोहोचते आणि वेग तितकाच घटतो. चिखलाचा चढ, दगडांचा उतार किंवा रुतलेली गाडी बाहेर काढणे यासाठी ती आहे. ती गाडी थांबवून किंवा अगदी मंद वेगात लावावी. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब असतील, तर घसरडा भाग सुरू होण्याआधीच ते ‘लॉक’ करावेत. रुतल्यानंतर चिखलात हात घालण्यापेक्षा ते सोपे. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर पुढचा अॅक्सल काही अंतर जोडून चालवावा. वर्षभर न वापरलेली यंत्रणा ऐन पावसात दगा देते.

आणखी एक गैरसमज दूर होणे गरजेचे आहे. चारही चाकांना गती म्हणजे चारही चाकांची पकड असे नव्हे. साध्या डिफरन्शियलमध्ये पुढचे एक आणि मागचे एक चाक हवेत किंवा निसरड्यावर गेले, तर तीच दोन चाके गरगरा फिरत राहतात आणि गाडी जागेवरच राहते. म्हणून जाणकार चालक आधी दोन चाकांवर जाऊन पाहतात आणि चारही चाकांची शक्ती बाहेर पडण्यासाठी राखून ठेवतात.

पाण्याशी खेळ नको

कोयनेचे पाणी कोळकेवाडीच्या जलाशयातून अलोऱ्याच्या वीजगृहात येते आणि तेथून वाशिष्ठीला मिळते. वीजनिर्मितीनुसार हा प्रवाह कमी-अधिक होतो. आकाश निरभ्र असले, तरी पात्रातील पाणी वाढू शकते. त्यामुळे या परिसरात ‘नदीतून गाडी काढण्याची’ हौस करू नये. पावसाळ्यात पुलावरून किंवा साकवावरून पाणी वाहत असेल, तर थांबावे. जीपचे वजन वाहत्या पाण्यापुढे फारसे टिकत नाही.

घराच्या वाटेवरचा लहान ओढा ओलांडावा लागला, तर पलीकडे गेल्यावर पेडल हलके दाबून काही अंतर गाडी चालवावी, म्हणजे ड्रममधील पाणी सुकते. त्यानंतर गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही अॅक्सल यांचे तेल तपासावे. ताप‌लेल्या हाऊसिंगवर थंड पाणी पडले की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी ओढले जाते. तेल दुधाळ दिसले, तर ते तत्काळ बदलावे. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना आणि शॅकलना ग्रीस मारावे.

घाटमाथ्यापलीकडचे कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेथे आडवाटेने गाडी घालणे हा गुन्हा ठरतो, याचेही भान असावे.

पहिल्या वर्षाचा हिशेब

गाडी घेताना हाताशी असलेल्या रकमेतील ठसठशीत भाग बाजूला ठेवावा आणि तो याच क्रमाने खर्च करावा : ब्रेक, स्टिअरिंग, टायर, सर्व तेले व सील, रेडिएटर आणि त्याचे होस पाइप, वायरिंग. इंजिनाचा काटा चढावर वर जाऊ लागला, तर थांबून गाडी निवू द्यावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. विंच आणि दिवे यादीत सर्वांत शेवटी येतात. ओढण्यासाठी भक्कम पट्टा आणि तो अडकवण्यासाठी सांगाड्याला घट्ट बसवलेला हूक मात्र पहिल्या दिवसापासून असावा. पट्टा ताणलेला असताना आजूबाजूला कोणीही उभे राहू नये.

पहिला पावसाळा गाडीने रोजच्या रस्त्यावरच काढावा. कोठे गळते, काय वाजते, ब्रेक कोणत्या बाजूला ओढतो, हे त्या चार महिन्यांत कळते. मोठ्या प्रवासाला निघण्यापूर्वी घाटाच्या पायथ्याशी, मोकळ्या आणि सपाट जागी, ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जाऊन एकदा जोरात ब्रेक दाबून पाहावा. गाडी सरळ रेषेत, चक्र न ओढता थांबली, तरच चढायला सुरुवात करावी.