मॉरिशसचे भांडवल परके, प्रश्न मात्र जुनाच

१९९८ च्या अखेरीस मॉरिशसच्या मध्यवर्ती बँकेने नव्या नोटा चलनात आणल्या आणि लवकरच त्या मागे घेण्याची पाळी तिच्यावर आली. नोटांवर इंग्रजीखालोखाल तमिळ आणि त्यानंतर हिंदी मजकूर छापण्याचा प्रघात होता. नव्या नोटांवर हिंदी वर गेली आणि तमिळ भाषकांत संतापाची लाट उसळली. अक्षरांच्या क्रमावरून एवढे रण माजावे आणि तरीही जगभरच्या भांडवलदारांना हाच देश सुरक्षित वाटावा, हे कोडेच आहे. ते उलगडण्यासाठी या बेटाचा इतिहास पाहावा लागतो.

मॉरिशसमध्ये आदिवासी लोकवस्ती नव्हती. फ्रेंचांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणून उसाचे मळे उभारले. ब्रिटिश अमलात १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. मुक्त झालेल्यांच्या हाती काहीच पडले नाही. त्यांच्या जागी हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर नेण्यात आले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणची माणसेही होती. तेथील आजचा मराठी समाज हा त्यांचाच वंशविस्तार. पुढे काही भारतीय कुटुंबांनी मळ्यांचे तुकडे विकत घेतले. पण मोठी जमीन आणि साखर कारखाने मूठभर फ्रेंच वंशीय घराण्यांकडेच राहिले. मालक गोरा, शेतमजूर भारतीय, दुकानदार चिनी, तर गुलामांचे वंशज क्रिओल बंदरात, मासेमारीत वा कारागिरीत, अशी ढोबळ विभागणी रूढ झाली. वंश सांगितला की व्यवसायाचा आणि मालमत्तेचा अंदाज बांधता येई.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तोही दुभंगलेल्या मनाने. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती. भारतीय बहुसंख्याकांच्या राज्यात आपले काय होणार, ही भीती त्यामागे होती. स्वातंत्र्यापूर्वी काही आठवडे पोर्ट लुईमध्ये दंगली उसळल्या. राज्यघटनेने हिंदू, मुस्लिम, चिनी वंशीय आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ असे चार समुदाय मानले आणि संसदेत समतोल साधण्यासाठी आठ जादा जागा ठेवल्या. त्यांचे वाटप आजही १९७२ च्या जनगणनेवर बेतलेले आहे, कारण त्यानंतरच्या जनगणनांत समुदाय विचारलाच गेला नाही. निवडणुकीला उभे राहण्यासाठी समुदाय जाहीर करण्याची सक्ती नागरी हक्कांशी विसंगत असल्याचा निर्वाळा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये दिला.

नव्या सरकारपुढे बेकारीचा डोंगर होता. मळे ताब्यात घेऊन जमीन वाटावी, तर साखर हेच उत्पन्नाचे मुख्य साधन कोलमडण्याचा आणि वांशिक संघर्ष पेटण्याचा धोका. शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने जमिनीला हात लावला नाही. साखरेच्या निर्यातीवर कर लावून त्या पैशातून शिक्षण व आरोग्यसेवा उभारल्या आणि १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला. चिनी वंशाचे प्राध्यापक एदुआर लिम फॅट यांचा या कल्पनेच्या मांडणीत मोठा वाटा होता. यंत्रे आणि कच्चा माल करमुक्त, नफ्यावर अनेक वर्षे सवलत. आपल्या कापडाच्या निर्यातीवर कोटा असलेल्या हाँगकाँगच्या उद्योजकांना येथून युरोपची बाजारपेठ मोकळी मिळाली. साखर घराण्यांचा नफाही या कारखान्यांत वळला. हजारो स्त्रियांना प्रथमच पगार मिळू लागला आणि ऐंशीच्या दशकाअखेर बेकारी जवळजवळ ओसरली.

या यशाचे राजकीय मर्म असे की, कारखान्यातला पैसा नवा होता. तो कोणा समुदायाकडून काढून घेतलेला नव्हता. परक्या भांडवलाने वाटपाचा प्रश्न सोडवला नाही. तो पुढे ढकलण्याची सोय करून दिली.

सर्वांना या भरभराटीचा सारखा लाभ झाला नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि देशभर दंगली पेटल्या. आपण मागेच राहिलो, ही क्रिओल समाजाची भावना त्या उद्रेकातून उघड झाली.

पुढे आधारही ढासळले. २००५ च्या आरंभी जागतिक कापड कोटा संपला आणि हाँगकाँगच्या अनेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. युरोपीय संघाने साखरेचा हमीभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला. भारताशी १९८२ मध्ये झालेल्या कर करारामुळे पोर्ट लुई हे भारतात येणाऱ्या गुंतवणुकीचे महाद्वार बनले होते. २०१६ च्या दुरुस्तीने भागविक्रीच्या नफ्यावरील त्याची सवलतही गेली.

अशा वेळी लक्ष वळले ते जमिनीकडे. २००२ मध्ये सुरू झालेल्या योजनेने परकीयांना किमान ५ लाख डॉलरचा बंगला विकत घेऊन वास्तव्याचा परवाना मिळवण्याची मुभा दिली. असे बहुतेक प्रकल्प जुन्या ऊसमळ्यांच्या जागेवर उभे राहिले. म्हणजे १९६८ मध्ये ज्या जमिनीच्या वाटपाचा विषय टाळला गेला, तीच आता परकीय ग्राहकांना विकली जाऊ लागली. दरम्यान, गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरीच्या परिणामांची चौकशी करणाऱ्या सत्य व न्याय आयोगाने २०११ च्या अहवालात, पूर्वजांची जमीन हिरावली गेल्याच्या असंख्य तक्रारींची दखल घेतली.

म्हणूनच मॉरिशसचा दाखला देताना ‘परकी गुंतवणूक हवी की नको’ एवढाच प्रश्न विचारणे अपुरे ठरते. कारखान्यात आलेला पैसा रोजगार वाढवतो आणि तेढ सौम्य करू शकतो. जमिनीत आलेला पैसा मर्यादित वस्तूची किंमत वाढवतो आणि ती आधी कोणाच्या हाती होती, हा इतिहास पुन्हा जागा करतो. मर्यादित भूमी आणि पर्यटनावर भिस्त असलेल्या गोव्यालाही हा भेद परका नाही. नोटेवरील अक्षरांचा क्रम काही आठवड्यांत बदलता येतो, जमिनीच्या मालकीचा क्रम तसा बदलत नाही. मॉरिशसला एक राष्ट्र म्हणून आपली ओळख पक्की करायची असेल, तर अर्धशतकापूर्वी पुढे ढकललेला तो प्रश्न आता त्याला टाळता येणार नाही.