बॅटरीचा लाल दिवा लागला? आधी पट्टा पाहा

पांढुर्णा-सौंसरहून मासळी घेऊन नागपूरला जाताना गाडीत बॅटरीचा दिवा पेटला, की आपण नवी बॅटरी घ्यायला धावतो. थांबा भाऊ! चालू इंजिनात तो दिवा बहुतेक वेळा चार्जिंग बंद पडल्याचं सांगतो. नवी बॅटरीही तशीच उतरेल, अन् बर्फ वितळेल तो वेगळाच.

इंजिन बंद करून अल्टरनेटरचा पट्टा पाहा. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्यावरच फिरतो. तुटला असेल तर गाडी पुढे हाकू नका, इंजिन तापेल. पट्टा ठीक असेल तर बॅटरीवर मीटर लावा. गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १३.५ ते १४.५ हवेत. आकडा चढलाच नाही तर अल्टरनेटर, वायरिंग दाखवा. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून पाहायची जुनी युक्ती मात्र आम्हाला मुळीच पटत नाही. नव्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स त्यात जळू शकतं.