कोवळ्या वयातली उंची

जागतिक युवा मैदानी स्पर्धा १९९९ साली पोलंडमधल्या बिडगोश्च शहरात सुरू झाली आणि २०१७ साली नैरोबीत कायमची थांबली. दर दोन वर्षांनी एक, अशा एकूण १० स्पर्धा. त्या वर्षात सोळा किंवा सतरा पूर्ण करणाऱ्या मुलामुलींसाठीच्या. त्यातल्या मुलांच्या बांबूउडीकडे आज पाहिलं की वाटतं, या वयातल्या सुवर्णपदकावरून पुढचं भविष्य वर्तवायला जाऊच नये.

याचं कारण काठीत आहे. काठी मुलाच्या वजनाला आणि धावण्याच्या वेगाला जुळणारीच लागते. सोळाव्या वर्षी जिच्या जोरावर तो पाच मीटर ओलांडतो, ती अंग भरलं, वेग वाढला की मऊ पडते. मग अधिक ताठ काठी, पकड आणखी वर, धावेच्या पावलांचा हिशेब नव्याने. अंगात मुरलेली लय मोडायची आणि पुन्हा बसवायची, तीही उलटं होऊन हवेत झोकून देण्याची भीती सांभाळत. या टप्प्यावर किती गुणी मुलं अडकतात!

२००३ साली कॅनडातल्या शेरब्रुकमध्ये अर्जेंटिनाचा हेर्मान किआराविल्यो जिंकला. तीन वर्षांनी बीजिंगमध्ये तो ज्युनियर जगज्जेताही झाला. त्याने खेळ सोडला नाही. २०१५ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत ५.७५ मीटरवर रौप्य मिळवलं. ऑलिंपिक पदक मात्र हाती लागलं नाही. मला या चिकाटीचं मोल पदकाहून कमी वाटत नाही. उलट २०१२ चा ऑलिंपिक विजेता रेनॉ लाविलेनी या युवा स्पर्धेच्या पदकांच्या यादीत कुठेच नाही.

२०१३ ची स्पर्धा युक्रेनमधल्या दोनेत्स्कला झाली. बांबूउडीच्या पोरांसाठी याहून मोठं तीर्थ नव्हतं. बांबूउडीतला दिग्गज सर्गेई बुबका याच शहरात घडला, १९९३ साली इथेच त्याने बंदिस्त मैदानात ६.१५ मीटरची विक्रमी उडी मारली होती. युवा स्पर्धेनंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, लाविलेनीने तो विक्रम त्याच शहरात, बुबकाच्या डोळ्यांदेखत, एका सेंटिमीटरने मोडला. वसंतात युद्ध पेटलं. बुबकाची तिथली हिवाळी स्पर्धाही त्यानंतर भरली नाही. जगभरातली मुलं जिथे काठ्या घेऊन उतरली होती, ते शहर बघता बघता रणभूमी झालं.

आणि मग जुलै २०१५, कोलंबियातलं काली. स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसने ५.३० मीटर ओलांडून सुवर्ण घेतलं, स्पर्धेचा नवा विक्रमही केला. वय पंधरा, नोव्हेंबरात सोळा होणार म्हणून नियमात बसला, म्हणजे मैदानातल्या सर्वांत लहानांपैकी एक. अमेरिकेत लुइझियानात वाढलेला, वडील ग्रेग स्वतः ५.८० मीटरचे उडीपटू, घरामागच्या अंगणातच धावपट्टी आणि गादी. आईच्या देशाकडून खेळायचं त्याने त्याच वर्षी ठरवलं. थोरला भाऊ आंद्रेआस २००९ साली इटलीतल्या ब्रिक्सनला याच स्पर्धेत स्वीडनकडूनच उतरला होता. त्याच कालीत कांस्य मिळालं ग्रीसच्या इमानुइल करालिसला. तोही पंधराचाच.

पुढच्याच वर्षी बिडगोश्चला, वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत, डुप्लांटिस तिसरा आला. हे तिसरं स्थान लोक विसरतात, मला ते महत्त्वाचं वाटतं. तो हरला, वाढला, काठ्या बदलत राहिला. २०१८ साली बर्लिनमध्ये, अठराव्या वर्षी, ६.०५ मीटर. करालिसची वाट जास्त लांबची होती. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो कांस्यापर्यंत पोहोचला. २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत डुप्लांटिसने ६.३० मीटरचा विश्वविक्रम केला, करालिस ६.०० मीटरवर दुसरा. कालीतल्या गादीवर पडलेली ती दोन पोरं दहा वर्षांनी जगात पहिली-दुसरी होती.

नैरोबीनंतर युवा स्पर्धा बंद झाली. खंडनिहाय स्पर्धांवर भर द्यायचा, असं जागतिक संघटनेने ठरवलं. युरोपच्या मुलांचं त्यात फारसं बिघडलं नाही. तिथे उत्तम उडीपटू शेजारच्या देशातच भेटतात, आणि अठरा वर्षांखालची युरोपीय स्पर्धा २०१६ पासून आहेच. नुकसान झालं ते अर्जेंटिनातल्या, भारतातल्या मुलाचं. डुप्लांटिस कालीत ५.३० गेला तेव्हा भारताचा पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम विजयपाल सिंग यांच्या नावावर होता: ५.१० मीटर, १९८७ सालचा. २०२२ साली गांधीनगरच्या राष्ट्रीय खेळांत शिवा सुब्रमणियनने ५.३१ केलं, २०२५ ला डेहराडूनमध्ये एकोणीस वर्षांच्या देव मीनाने ५.३२. देवच्या वयाच्या मुलांना सोळाव्या वर्षी जगातल्या आपल्या जोडीदारांशेजारी उभं राहायला मिळायला हवं होतं. ही स्पर्धा पुन्हा सुरू व्हावी, असं मला मनापासून वाटतं.