चेंगराचेंगरीतून लस

पेशी चिरडली की मरते. पण बेतानं चेंगरली तर? तर ती काही मिनिटं सच्छिद्र होते, बाहेरचा माल आत घेते आणि पुन्हा आपली आपण बुजते. अमेरिकेतल्या एमआयटीत आर्मोन शरेई, क्लाव्स येन्सन आणि रॉबर्ट लँगर यांच्या चमूनं २०१३ मध्ये ही करामत जगापुढे मांडली. चिपवर केसाहून कितीतरी बारीक बोळ कोरायचे, मध्येच ते पेशीच्या जाडीपेक्षाही अरुंद करायचे आणि पेशींना त्यातून दामटायचं. विजेचा झटका नको, विषाणूची मदत नको.

याचा लसीशी काय संबंध? शरीरातल्या मारेकरी टी पेशींना शत्रूचा चेहरा दाखवावा लागतो. हे दाखवायचं काम दुसऱ्या पेशी करतात. गंमत अशी की, बाहेरून गिळलेलं प्रथिन बहुतेक पेशी आपल्या पचनाच्या पिशवीत टाकतात, आणि तिथून ते मारेकऱ्यांपर्यंत सहसा पोचत नाही. ते थेट पेशीच्या गाभाऱ्यात उतरवलं, तरच योग्य खिडकीत झळकतं. चेंगरण्यानं नेमकं हेच साधतं. रक्तात मुबलक असलेल्या साध्या बी पेशीही मग या कामाला लावता येतात.

शत्रू दाखवण्यात पटाईत असलेल्या डेन्ड्रिटिक पेशी राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये शोधल्या. पुढे त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला, तेव्हा स्वतःच्याच पेशींपासून बनवलेल्या लसी त्यांनी स्वतःवर वापरल्या. २०११ चं नोबेल जाहीर झालं त्याच्या तीनच दिवस आधी ते गेले. नोबेल मरणोत्तर देत नाहीत, पण समितीला बातमी उशिरा कळली, म्हणून पारितोषिक कायम राहिलं!

स्टाइनमन यांच्या नोबेलच्या आदल्या वर्षी अमेरिकेत अशाच एका लसीला, प्रोव्हेंजला, मंजुरी मिळाली होती. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरची ही लस रुग्णाच्याच पेशींपासून बनते. तीन डोस, तेव्हाची किंमत ९३ हजार डॉलर. महाग का, तर प्रत्येक रुग्णासाठी वेगळी लस आणि बनवायला काही दिवस. चेंगरणाऱ्या चिपवाल्यांची आशा इथंच होती: हे काम झटपट उरकायचं.

आता चिपकडे. प्रयोगशाळेतल्या असंख्य सूक्ष्म चिपा पीडीएमएस नावाच्या सिलिकॉनच्या असतात. पोटातल्या गॅसवरच्या गोळीत सिमेथिकोन असतं ना? त्यातही मुख्य माल हाच. तळणीच्या तेलाला फेस येऊ नये म्हणूनही तो घालतात. मिशेल खाइन या संशोधिकेकडे अशा चिपा बनवायला महागडी साधनं नव्हती, तर त्यांनी श्रिंकी डिंक्स हे मुलांचं खेळणं घेतलं! प्लास्टिकच्या त्या पत्र्यावर प्रिंटरनं नक्षी छापली, टोस्टर ओव्हनमध्ये टाकली, पत्रा आक्रसला आणि पीडीएमएस ओतायचा साचा तयार. कॅलिफोर्नियातल्या या प्रयोगावरचा शोधनिबंध २००८ मधला. मला तर हाच प्रयोग सगळ्यांत आवडला.

पुन्हा चेंगरण्याकडे. त्या तंत्रावर एसक्यूझेड नावाची कंपनी उभी राहिली. नाव इंग्रजीत मोठ्यानं म्हणून बघा, ‘स्क्वीझ’ ऐकू येईल. २०२० मध्ये त्यांनी एचपीव्ही-१६ या विषाणूमुळे झालेल्या कॅन्सरच्या रुग्णांवर पहिली चाचणी सुरू केली: रुग्णाच्या पांढऱ्या पेशी काढायच्या, विषाणूचे तुकडे आत घालायचे, पेशी परत द्यायच्या. एका खेपेचं उत्पादन २४ तासांच्या आत. पण पैसा आटला. रोशसारख्या बड्या भागीदारानंही हात आखडता घेतला आणि २०२४ मध्ये तंत्रज्ञान कॅनडातल्या स्टेमसेल टेक्नॉलॉजीजला विकलं गेलं.