आधी शुश्रूषा, मग प्रणय

ज्या काळी उद्याच्या अन्नाची शाश्वती नव्हती, त्या काळच्या कथेत प्रणयाला स्थान कसे? जीन औल या अमेरिकन लेखिकेच्या कादंबऱ्यांत याचे उत्तर मिळते.

‘द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर’ (१९८०) या कादंबरीत भूकंपाने पोरकी झालेली पाच वर्षांची आयला निअँडरथल टोळीत वाढते. औषधी वनस्पती जाणणारी इझा तिला आपली विद्या देते. पुढे टोळीतलाच ब्रूड तिच्यावर बळजबरी करतो. तिला मूल होते. परंतु अखेर त्याला मागे ठेवून तिला टोळी सोडावी लागते. ‘द व्हॅली ऑफ हॉर्सेस’मध्ये (१९८२) ती एका दरीत एकटी राहते, घोडी माणसाळवते, दगडावर दगड आपटून अग्नी पेटवते. सिंहाने जखमी केलेल्या जोंडालारला ती इझाच्याच विद्येने वाचवते. प्रेम जुळते ते त्यानंतर. येथे प्रणय हा जगण्यातूनच उगवतो.

आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत निअँडरथलांचा अल्प जनुकीय अंश आहे, हे २०१० साली संशोधकांनी दाखविले. म्हणजे आयलाच्या मुलासारखी मुले खरोखरच जन्मली होती. मात्र ती प्रेमातून जन्मली की बळजबरीतून, हे हाडे सांगत नाहीत. तो प्रश्न विचारण्याचे धैर्य कादंबरीने दाखविले, हेच तिचे मोल.