घरातील गांधीलमाशीचे पोळे : काढावे की राखावे?

हिंगोली जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरांत, पत्र्याच्या गोठ्यांत आणि विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीतही गांधीलमाश्या पोळे बांधतात. पोळे दृष्टीस पडताच टेंभा पेटवून ते जाळावयाचे, अशी एक रीत आहे. ज्या गोठ्यात कडबा रचलेला आहे तेथे ही रीत माशीच्या दंशाहून घातक, हे निराळे सांगावयास नको.

प्रथम माशी ओळखावी. भिंतीवर चिखलाचे घर करणारी ती कुंभारीण माशी. ती एकटी राहते, पिलांसाठी अळ्या किंवा कोळी धरून आणते आणि हाती सापडल्याखेरीज सहसा डंख करीत नाही. तिचे घर मोडण्याचे कारण नाही. लाकडाचे तंतू चावून, लाळेत कालवून कागदासारखे पोळे बांधतात त्या गांधीलमाश्या. पोळ्यास धक्का लागला की त्या एकदम तुटून पडतात. मधमाशीची नांगी कातडीत रुतून राहते. हिची राहत नाही, म्हणून एकच माशी पुनःपुन्हा डंख करू शकते.

तथापि गांधीलमाश्याही पिलांना अळ्या चारतात. कापूस, तूर व सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याला बांधावरील झाडाचे पोळे म्हणजे फुकटची राखण होय. वहिवाट नसलेल्या जागेचे पोळे म्हणून राहू द्यावे. दाराची चौकट, न्हाणीघर, शाळेची पडवी येथील मात्र काढलेच पाहिजे. थंडीत माश्या आपोआप मरतील या आशेवर राहू नये. थंड देशांत तसे घडते. आपल्याकडील काही जातींची पोळी वर्षभर नांदती असतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. राघवेंद्र गदगकर यांनी अशा एका जातीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

पोळे लहान असतानाच काढणे सोपे. दिवस मावळल्यावर माश्या पोळ्यावर परततात. तीच वेळ साधावी. मुले व जनावरे आधी दूर न्यावीत. अंगभर जाड कपडे घालावेत, तोंड व मान झाकावी. स्वच्छ हातपंपाने साबणाचे दाट पाणी मारून पोळे पूर्ण भिजवावे, माश्या पडल्यावर लांब काठीने ते उतरवावे. शिडीवर चढून हे काम करू नये. माश्या उठल्या तर पळावयास वाट राहत नाही. स्टार्टरच्या पेटीवर पाणी मुळीच मारू नये, तेथे वायरमनला बोलवावे. पिकावरील विषारी औषध घरात फवारणे हा तर शुद्ध अविचार होय; धान्य व पिण्याचे पाणी तेथेच असते. भिंतीच्या बिळात मोठ्या माश्यांची वसाहत असल्यास बीळ लिंपू नये. कोंडलेल्या माश्या घराच्या आत वाट काढतात. असे काम माहितगार माणसाकडून करवून घ्यावे.

डंख झाल्यास तेथून त्वरित दूर जावे, जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी, बोटातील अंगठी काढावी. लोखंड घासणे, चुना लावणे यांवर विसंबू नये. ओठ वा चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे, दम लागणे, भोवळ येणे यांपैकी काहीही दिसले, किंवा एकाच वेळी पुष्कळ डंख झाले, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पुष्कळ डंखांचे विष मूत्रपिंडांवरही परिणाम करते. म्हणून रोगी वरकरणी बरा दिसला तरी त्याला डॉक्टरांना दाखवावे व पुढील काही दिवस लघवी कमी किंवा काळसर होते काय, इकडे लक्ष ठेवावे.